नवरात्रात दिलेलं पातळ

नगरला आमच्या घराच्या दाराची कडी सैल होती. कुणी दाराला हात लावला की आधी ती खडखडायची आणि मग माणूस दिसायचा. एकाहत्तर सालच्या पावसाळ्याच्या अखेरीला ती कडी वाजली की मागच्या खोलीतून एक बाई ताडकन उठून दारापाशी यायची. तिचे हात पिठाने भरलेले असोत, नाहीतर लेकीच्या केसांत फणी अर्धवट अडकलेली असो, तिला त्याचं काही नसायचं. दूधवाला दिसला, पोस्टमन दिसला, शेजारचं पोर दिसलं, की ती तितक्याच मुकाट्याने परत फिरायची. ती कुणाची वाट बघते हे घरात प्रत्येकाला दिसत होतं. आम्ही मात्र ते बघून हळहळायचो आणि आपल्या मनाने त्याचा अर्थ लावून मोकळे व्हायचो.

माझे थोरले दीर डॉक्टर. पूर्व बंगालमधून लोकांचे लोंढे सरहद्द ओलांडून येऊ लागले, तेव्हा आपला दवाखाना बंद ठेवून ते तिकडच्या छावणीत कामाला गेले. गणपती उठल्यावर थोड्या दिवसांसाठी घरी आले, ते या बाईला आणि तिच्या पाच-सहा वर्षांच्या मुलीला घेऊनच. पळापळीत पोरीचा पाय बैलगाडीच्या चाकाखाली सापडला होता आणि हाड वाकडंच जुळलं होतं. "तिथं चिखलात तंबू आहेत. हाडाचं ऑपरेशन कसं करणार? इथं माझा मित्र करून देतो म्हणालाय. पाय बरा झाला की मी घेऊन जाईन," दीर म्हणाले. नवऱ्याचं विचारलं, तर म्हणाले, "नदीपर्यंत सगळी बरोबर आली. म्हातारी आई मागं राहिली म्हणून तो आणायला फिरला. त्यानंतर काही कळलेलं नाही. छावणीत सांगून ठेवलंय." एवढं बोलून, औषधांच्या पेट्या बांधून ते पुन्हा तिकडे निघून गेले.

घरात राहिलो मी, आमचे हे आणि आत्याबाई. आमच्यात सासूला आत्याबाई म्हणतात. हे नागापूरला नव्याने उभ्या राहत असलेल्या एका कारखान्यात पाळीला जायचे आणि घरात झोपायलाच यायचे. त्यामुळे राज्य आत्याबाईंचं आणि विरोधी पक्ष मी. ऐन तरुणपणी आत्याबाईंचं कुंकू गेलं होतं. कोरडवाहू रानात बाजरी काढून त्यांनी दोन मुलगे शिकवले, एकाला डॉक्टर केलं. तेव्हापासून त्या पांढरंच नेसायच्या आणि कुणी कीव केलेली त्यांना खपायची नाही. मनाने लोण्याहून मऊ होत्या, पण ते लोणी त्या शिंक्यावर ठेवायच्या. सहजासहजी कुणाच्या हाताला लागायचं नाही.

ती बाई आली त्याच दिवशी आत्याबाईंनी डोळ्यांनीच तिची झडती घेतली आणि मला स्वयंपाकघरात ओढून म्हणाल्या, "गळा मोकळा, कपाळ मोकळं, हात मोकळं. पायात जोडवीसुदिक न्हाईत. गेलाय गं हिचा. तुझ्या दिराच्या तोंडानं निघंना, म्हनून 'कळलं न्हाई' म्हनतोय."

मलाही ते पटलं. सुतावरून स्वर्ग गाठायची आमच्या घराला सवयच होती.

तिला आमची भाषा येत नव्हती, हिंदीही येत नव्हती. 'भात', 'जल', 'मा' असे पाच-सात शब्द तेवढे दोन्हीकडचे जुळले आणि त्यांवर आमचा संसार चालला. ती लेकीला 'खुकी' म्हणायची, म्हणून आम्हीही खुकी म्हणायचो. तिला आम्ही नुसतं 'बाई' म्हणत असू. भाकरी मायलेकींच्या घशाखाली उतरायची नाही. खुकी ताटलीतला भाकरीचा तुकडा उलटसुलट करून बघायची आणि आईकडे पाहून हळूच 'भात' म्हणायची. तेव्हा तांदूळ आमच्याकडे सणावाराला शिजायचा. आत्याबाईंनी घाटाकडच्या अकोले तालुक्यातल्या ओळखीच्या माणसाकरवी जाडाभरडा तांदूळ मागवला आणि स्वतः बाजरीची भाकरी मोडत त्या पोरीला भात कालवून देऊ लागल्या.

निर्वासित बाई आल्याचं गल्लीत कळल्यावर मदतीचा ओघ सुरू झाला. दान म्हणून लोक काय काय देतात हे मी त्या पंधरवड्यात पाहिलं. कसर लागलेला कोट आला. आकडे नसलेली पोलकी आली. पुरुषाची गरम विजार आली आणि देणारीने ती अशी थाटात दिली की जणू शालू देतेय. त्या बाईला हवी होती फणी, परकराची नाडी, अंगाला लावायचा साबण, आणि दर महिन्याला लागणारी जुनी मऊ फडकी. ते कुणाच्या डोक्यात आलं नाही, आणि तिला मागता येईना. एक दिवस ती न्हाणीत पोतेरं फाडताना मला दिसली तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी माझं जुनं लुगडं तिच्यापुढे टाकलं, तर तिने माझा हात घट्ट धरला. कोट देणाऱ्यांना चौकात उभं करून दाखवावा असा तो हात होता.

ती आली तेव्हा नेसूचं एकच पातळ होतं. कधीकाळी ते पांढरं आणि लाल काठाचं असावं. आता सगळं चिखलाच्या रंगाचं झालं होतं. त्याच्या पदराला एक गाठ असायची. पातळ धुवायची वेळ आली की ती गाठ सोडून आतलं काहीतरी मुठीत धरायची आणि पातळ वाळलं की पुन्हा बांधायची. मी एकदा विचारल्यासारखं बोट दाखवलं, तर ती लाजली. पळून आलेल्या, सगळं गमावलेल्या बाईला लाजताना बघून मला नवल वाटलं. असेल एखादा दागिना म्हणून मी तो विषय सोडून दिला.

मग नवरात्र आलं. आमच्याकडे घट बसतात आणि एका दिवशी गल्लीतल्या बायकांना हळदीकुंकवाला बोलावतात. नेमकी मी तेव्हा 'बाजूला' बसले होते. त्या काळी चार दिवस आम्हाला देवाधर्माला शिवता येत नसे. मला त्याची चीड होती, पण चीड पदरात बांधून मी मागच्या दाराशी पोतं टाकून बसायचे. त्यामुळे मला काही करता येत नव्हतं, नुसतं दिसत मात्र सगळं होतं.

सकाळी कडी वाजली. दिरांचा कंपाउंडर छावणीतून आला होता, गरम कपडे आणि औषधं न्यायला. बाई तांदूळ पाखडत होती. सूप तसंच धरून ती दारात येऊन उभी राहिली. तो माणूस तिकडून आलाय हे तिने ओळखलं असणारच, छावणीत तिने त्याला पाहिलेलं होतं. त्याने तिच्याकडे एकदा बघितलं आणि आत्याबाईंना विचारलं, "पोरीच्या पायाचं काय म्हणतात?"

"अजून येकदा कापावं लागंल म्हनत्यात," आत्याबाई म्हणाल्या. त्यांनी मान हलवली, जिभेने चुकचुकल्या आणि पदर डोळ्याला लावला. "देवानं तरी किती बघावं एकाद्याचं."

कंपाउंडरनेही मान खाली घातली. चहा घेऊन, गाठोडं उचलून तो गेला. बाई दारातच उभी होती. सुपातले तांदूळ एका बाजूने सांडत होते आणि तिला ते कळत नव्हतं.

दुपारी आत्याबाईंनी पेटीतून एक नवं पातळ काढलं. पांढरं सुती, काठ बोटभरसुद्धा नाही. हे त्यांनी दिवाळीला स्वतःसाठी घेऊन ठेवलेलं होतं. संध्याकाळी बायका येणार, त्यांच्यासमोर हिने ते चिखलाचं धडुतं नेसून बसू नये, एवढाच त्यांचा विचार. त्यांनी तिला जवळ बसवलं, पातळ तिच्या ओंजळीत ठेवलं आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला. माझ्या देखत त्यांनी असा हात कुणाच्या पाठीवरून फिरवला नव्हता, माझ्या तर नाहीच. बाईने पातळाकडे पाहिलं, मग आत्याबाईंच्या अंगावरच्या पांढऱ्या पातळाकडे पाहिलं. तिने एकच काहीतरी विचारलं, अगदी हळू. आत्याबाईंना ते कळलं नाही. तिला आवडलं असं समजून त्यांनी मान डोलावली.

संध्याकाळी बायका जमल्या. बाई ते पांढरं पातळ नेसून भिंतीशी बसली होती, खुकी तिच्या मांडीवर. मी विटाळातली, म्हणून शेजारची वहिनी कुंकवाची डबी घेऊन फिरत होती. एकेकीच्या कपाळाला बोट लावत ती बाईपाशी आली, क्षणभर घुटमळली आणि पुढच्या कपाळाकडे वळली. बाईने तोंड वर केलेलं होतं. ते तसंच वर राहिलं. मग तिने ते लेकीच्या केसांत लपवलं, पण आवाज केला नाही.

बायका गेल्यावर मी मागच्या दारातूनच आत्याबाईंवर तुटून पडले. "देवीपुढं कसला भेद? विधवा झाली म्हणून बोटभर कुंकू लावलं असतं तर काय देवी बाटली असती?"

"मला शिकवू नगंस," त्या म्हणाल्या. "त्या डबीचा नेम मला ठाव न्हाई व्हय? इतकी वर्सं ती माझ्याबी म्होरनं जातीया. म्हनून तर तिला आधी पातळ दिलं. म्हटलं, एकटी वाटू नये पोरीला."

त्या जुन्या वळणाच्या आणि मी सुधारक, पण भांडताना दोघींनीही ती विधवा आहे हे धरूनच चाललो होतो.

दसरा झाल्यावर घट विसर्जनाला आम्ही सीनेवर गेलो. पाऊस कमी झाला होता, नदीला पाणी बेताचंच. मी घटातली रोपं पाण्यात सोडली. बाई थोडी लांब, गुडघाभर पाण्यात गेली. तिने पदराची गाठ सोडली आणि हातातलं काहीतरी पाण्यावर ठेवलं. सुपारीएवढी लाकडी डबी होती. ती जरा वेळ तरंगली आणि मग दिसेनाशी झाली. बाईने तिथेच डोक्यावरून पाणी ओतून घेतलं. मला वाटलं, त्यांच्याकडे दसऱ्याला असं काही करत असतील.

त्यानंतर कडी वाजली तरी ती उठेनाशी झाली. एकदाच जेवायची, तेही नुसता भात आणि मीठ. सगळं काम करायची, सगळ्यांशी नीट वागायची. दुपारी त्या दोघी पांढऱ्या पातळांतल्या बायका ओसरीवर समोरासमोर बसून शेंगा फोडायच्या, एक शब्द न बोलता. आत्याबाई मला ऐकवायच्या, "बघ, किती सोसून घेतलं पोरीनं. शानी हाय." खरं सांगते, त्या दिवसांत आमच्या घरात फार शांतता होती. आता त्या शांततेची आठवणही नको वाटते.

डिसेंबरात लढाई पेटली. नगर लष्कराचं गाव, त्यामुळे आम्ही खिडक्यांच्या काचांना काळे कागद चिकटवले आणि दिवेलागणीलाच चुली विझवल्या. मग लढाई संपली, आपण जिंकलो, तिचा देश मोकळा झाला. गल्लीत पेढे वाटले. कुणीतरी तिच्याही हातावर पेढा ठेवून "तुमचा देश सुटला!" असं मोठ्याने ओरडून सांगितलं, जणू ओरडल्याने भाषा कळते. तिने पेढा खुकीला दिला.

त्याच सुमाराला खुकीचं प्लास्टर काढायला आम्ही दवाखान्यात गेलो. प्लास्टर कापताना पोर किंचाळली, "मा, लागछे!" तशी बाकावर बसलेली एक बाई गर्रकन वळली आणि धावत येऊन खुकीशी तिच्याच भाषेत बोलू लागली. ती एका जवानाची बायको होती, बंगालची. नवरा आघाडीवर होता. बाई तर तिच्याकडे बघतच राहिली. इतक्या महिन्यांनी तिला कुणीतरी समजेल असं बोलत होतं.

माझं लक्ष भलतीकडेच गेलं. जवानाच्या बायकोच्या गळ्यात मंगळसूत्र नव्हतं. काळा मणी नाही, पायात जोडवी नाहीत. हातात शंखाच्या पांढऱ्या बांगड्या आणि भांगात शेंदूर. मी मोडक्या हिंदीत विचारलं, "तुमच्यात गळ्यात काही घालत नाहीत?" ती हसून नाही म्हणाली, हातातल्या बांगड्या वाजवून दाखवल्या आणि भांगाला बोट लावलं. हेच आमचं सौभाग्य, असं म्हणाली.

मी वळून आमच्या बाईच्या मोकळ्या गळ्याकडे आणि मोकळ्या मनगटांकडे बघितलं.

त्या दोघी बराच वेळ बोलल्या. मग जवानाची बायको माझ्याकडे वळली. तिचा चेहरा बदलला होता. तिने मला विचारलं, "बहनजी, इसके पति की खबर आपके यहाँ कौन लाया? ये पूछ रही है, चिता को आग किसने दी?"

मी जवानाच्या बायकोला तशीच आमच्याबरोबर घरी घेऊन आले. आत्याबाईंसमोर बसवलं आणि सगळं बाहेर आलं. नदीकाठी आल्यावर, हिंदू आहोत हे ओळखू येऊ नये म्हणून, नवऱ्यानेच तिच्या शंखाच्या बांगड्या उतरवल्या होत्या आणि भांग पुसला होता. शेंदराची डबी तिच्या पदराला बांधून तो म्हणाला होता, पलीकडे भेटलो की मीच भरीन, तोवर कुणाकडून भरून घेऊ नकोस. ती तेवढ्यावर जगत होती. मग छावणीतला माणूस आला, आत्याबाईंनी डोळे पुसले, पांढरं पातळ हातात आलं, कुंकवाची डबी पुढून निघून गेली. तिने विचारलं होतं, "गेले का?" आणि आत्याबाईंनी मान डोलावली होती.

"मी?" आत्याबाई म्हणाल्या. "मी कशाला अशी मान हालवीन? मला काय ठावं?"

जवानाच्या बायकोने ते सांगितलं. बातमी आलेलीच नाही, कुणालाच काही माहीत नाही, हे कळल्यावर बाईला आनंद होईल असं मला वाटलं होतं. मी किती मूर्ख होते! ती दोन्ही हातांनी डोकं धरून बसली आणि जनावरासारखी ओरडली. ज्याचं दुःख करून संपवलं होतं, तो पुन्हा वाटेवर उभा राहिला होता. आता त्याची वाटही बघायची आणि तो गेल्याची भीतीही बाळगायची. आणि डबी तर तिने आपल्या हातांनी सोडून दिली होती.

आत्याबाई माझ्यावर खेकसल्या, "बघतीस काय? आन कुंकू. लाव तिला." त्यांना स्वतःला लावता येत नव्हतं. मी करंडा आणला. बाईने माझं मनगट धरून बाजूला केलं आणि मान हलवली. का, ते जवानाच्या बायकोला उलगडून सांगावं लागलं नाही. तो म्हणाला होता, मीच भरीन.

आत्याबाई उठल्या, चपलासुद्धा न घालता निघाल्या. सीनेवर. मी मागून धावले. नदी आटून डबकी राहिली होती. त्या वाळूत बसून दोन्ही हातांनी उकरू लागल्या. घटांची खापरं निघाली, फुटक्या काचा निघाल्या, कुजलेली नारळाची शेंडी निघाली. त्यांच्या नखांतून रक्त यायला लागलं तेव्हा मी त्यांना ओढून उठवलं. डबी मिळाली नाही.

हिवाळा सरता सरता दीर आले. सरकार सगळ्या निर्वासितांना परत पाठवत होतं. खुकी लंगडत का होईना, पण चालत होती. निघायच्या आदल्या दिवशी आत्याबाई एकट्या कापडबाजारात गेल्या. विधवा झाल्यापासून त्यांनी रंगीत काठाला हात लावला नव्हता. त्या लाल काठाचं पातळ घेऊन आल्या. स्टेशनवर ते त्यांनी बाईच्या हातात दिलं आणि पांढऱ्याकडे बोट दाखवून, टाकून दे, अशी खूण केली. बाईने दोन्ही पातळं एकावर एक घडी घालून गाठोड्यात ठेवली. अंगावर तिचं तेच जुनं, चिखलाच्या रंगाचं होतं. गाडी हलली तेव्हा तिने वाकून आत्याबाईंच्या पायांना हात लावला. कुठलं पातळ नेसायची वेळ तिच्यावर आली, ते आम्हाला कधीच कळलं नाही. निरोप पाठवायला सांगतो, असं दीर म्हणाले होते. त्यांनी सांगितलंही असेल. पण तिकडे काय उरलं होतं आणि निरोप कोण पाठवणार होतं?

आत्याबाई त्यानंतर बरीच वर्षं होत्या. कडी वाजली की त्या उठून दारापाशी जायच्या. हातात काय आहे ते बघायच्या नाहीत. म्हातारपणी ऐकू येईनासं झालं, तरी कडीचा आवाज त्यांना कसा कोण जाणे ऐकू यायचा. एकदा त्या पाट धरून, भिंत धरून उठत होत्या. मी चिडून म्हणाले, "बसा हो आत्याबाई, दूधवाला असेल."

"असू दे," त्या म्हणाल्या. "तिचा दादला म्या येकदा मारला. आता वाट तरी बघू दे मला."

त्या दारापर्यंत गेल्या. दूधवालाच होता.